डब्यापेक्षा पावलांचा विचार करा

जिओकॅशिंग म्हणजे डबा लपवायचा आणि त्याचं ठिकाण जीपीएसवरून इतरांना शोधायला द्यायचं, असा खेळ. जंगलात असा डबा ठेवण्याबद्दल "एवढासा डबा, त्यानं जंगलाचं काय बिघडणार?" असं तुम्ही विचारलंत. डब्यानं काही बिघडत नाही हो, बिघडतं ते शोधणाऱ्यांमुळे. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण 5 मीटर चुकतं, दाट झाडीत त्याहून जास्त. म्हणजे प्रत्येक जण निदान 75-80 चौरस मीटरभर दगड उलटत, शेवाळ तुडवत फिरणार. त्या दगडांखाली कुणाकुणाचं घर असतं! रुक्ष प्रदेशात मातीवर सायनोबॅक्टेरिया आणि दगडफुलांचं जिवंत कवच असतं. ते पावलानं मोडलं तर भरून यायला कित्येक दशकं लागू शकतात. शिवाय थोड्याच दिवसांत पायवाट पडते आणि खेळाशी संबंध नसलेलेही तिथून आत शिरतात.

मी एकदा ओढ्याकाठचा माझाच डबा वर्षभरात उचलला. भोवतालचं नेचं पार सपाट झालं होतं. (शोधून गेलेल्यांच्या नोंदी मात्र एकजात 'झकास जागा!')

संरक्षित क्षेत्रात आधी व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या. नाहीतर याच खेळातला अर्थकॅश (EarthCache) करा. 2004 पासून हा प्रकार आहे. डबा नसतोच, भूरचना पाहून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. त्याचाही बिंदू रुळलेल्या वाटेवरच ठेवा.