कुत्र्याला आंबा, फणस, शिऱ्यातला बेदाणा... नक्की काय चालतं?

गुहागरची_सून

नमस्कार मंडळी, आमच्याकडे लॅब (लॅब्रेडोर कुत्री) आहे, कॉफी नाव, तीन वर्षांची, वजन 27 किलो. एरवी पुण्यात फ्लॅटमध्ये असते आणि खाणं सगळं मोजूनमापून, पण मे महिन्यात आम्ही गुहागरजवळ सासरी जातो आणि तिथे पोचलं की ते मोजमाप पहिल्याच दिवशी निकालात निघतं. सासरे पडवीत विळी घेऊन बसतात, एक फोड पातेल्यात एक फोड कॉफीला असं चालतं, आणि शेवटी बाठा म्हणजे कोय चाटायला टाकतात तिच्यापुढे. अंगणात काजूची बोंडं, जांभळं, फणसाची चारखंडं (सालपटं), सगळं पडलेलं असतंच. मी काही बोलले की सासूबाई म्हणतात अगं आमची गावची कुत्री आंब्याच्या दिवसात आंब्यावरच जगायची, नवरा म्हणतो नॅचरल आहे ना मग झालं, आणि नेटवर बघावं तर एक म्हणतो द्या दुसरा म्हणतो मरेल.

तर प्रश्न असा की कुठलं फळ चालतं आणि किती? आणि दुसरं म्हणजे यंदा तिकडे सत्यनारायण आहे, प्रसादाच्या शिऱ्यात केळं आणि बेदाणे असणारच आणि घरातला प्रत्येक जण तिला थोडा थोडा देणार हे मला आत्ताच दिसतंय. बेदाणा विषारी असतो म्हणतात ते खरं आहे की व्हॉट्सअॅप फॉरवर्ड आहे? कृपया "तुमच्या व्हेटला विचारा" एवढंच लिहू नका, विचारणारच आहे.

तासगावचा_पाटील

ताई आमची द्राक्षबाग आहे, बागेत दोन गावठी कुत्री, छाटणीपासून माल जाईपर्यंत तिथंच. खाली पडलेली द्राक्षं खाताना शंभरदा बघितलीत. बेदाणा शेडवर पण येतात. काय होत नाही. ही सगळी शहरातल्या कुत्र्यांची नाटकं आहेत, एसीत झोपणाऱ्याला सगळंच बाधतं.

डोंबिवली_फास्ट

पाटील दादा, तुमच्या कुत्र्यांना काही झालं नाही हे चांगलंच आहे, पण शेतावरचं कुत्रं दोन दिवस दिसलं नाही आणि मग मेलं तर ते कशानं मेलं हे कोण तपासतं सांगा बरं.

ताईंसाठी लिहिते. द्राक्षांचं डॉक्टर लोक सांगतीलच, पण मला तुमच्या पोस्टमधली सगळ्यात भीतीदायक गोष्ट बाठा वाटली. आमच्या बिल्डिंगमध्ये एक बीगल आहे, त्यानं कचऱ्याच्या पिशवीतून कोय पळवली. चघळली असेल असं घरच्यांना वाटलं, पण कोय सापडलीच नाही. पहिले दोनतीन दिवस अगदी मजेत होता, शेपूट हलवत जिन्यात भेटायचा. मग उलट्या सुरू. एका दवाखान्यात अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं, परत उलट्या, पाणी प्यायला की तेही बाहेर. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून तसाच उभा राहायचा, घरच्यांना वाटलं खेळायला बोलावतोय, पण ते पोटात दुखत होतं म्हणून. शेवटी दुसरीकडे सोनोग्राफी केली तेव्हा कोय आतड्यात अडकलेली दिसली आणि ऑपरेशन झालं. वाचला बिचारा. पण खर्च आणि मनस्ताप दोन्ही विचारू नका. हापूसचा बाठा ओला असताना किती बुळबुळीत असतो, आपल्याच हातातून निसटतो, आणि लॅब तर चावतच नाहीत, गिळतात! सासऱ्यांना एवढी एकच गोष्ट पटवा, बाकी फोडी खाऊ द्या.

पशुवैद्य_मिरज

मी जनावरांचा डॉक्टर आहे, लहान प्राण्यांची प्रॅक्टिस. थोडं मोठं लिहितोय, ओपीडी संपलीय.

आधी बेदाणा. फॉरवर्ड नाही, खरं आहे. द्राक्षं, मनुका, बेदाणे, काळे असोत की हिरवे, बीवाले असोत की बिनबियांचे, कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात. 2001 च्या सुमारास अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी याबद्दल लिहिलं, पण त्यात नेमकं कुठलं द्रव्य विषारी ते बरीच वर्षं सापडत नव्हतं. बुरशी म्हणून झालं, फवारणीची औषधं म्हणून झालं, काही जुळेना. धागा मिळाला तो भलतीकडूनच. एका कुत्र्यानं मुलांसाठी घरी केलेला खेळायचा कणकेचा गोळा खाल्ला, त्यात क्रीम ऑफ टार्टार (बेकिंगमधली आंबट पूड, टार्टारिक अॅसिडचाच क्षार) घातलेलं होतं, आणि त्याची किडनी अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखी गेली. तिथून 2021 मध्ये टार्टारिक अॅसिडवर बोट ठेवलं गेलं. द्राक्षात ते भरपूर असतं आणि कुत्र्याच्या किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही असं आता मानतात.

पाटील, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. टार्टारिक अॅसिडचं प्रमाण जातीप्रमाणे, पिकलेपणाप्रमाणे, अगदी घडाघडाला बदलतं, कच्च्या मण्यात जास्त. म्हणून एक कुत्रा ओंजळभर खाऊन ठणठणीत आणि दुसरा थोडक्यात जातो. इतके मणी चालतात असा आकडा कोणीच देऊ शकत नाही, म्हणून आम्ही शून्य सांगतो. आणि बेदाणा म्हणजे पाणी उडालेलं द्राक्ष, चार किलोपासून किलोभर होतो, तेव्हा मूठभर बेदाण्यात किती द्राक्षं गेली बघा. बागेत बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याची) फवारणी असते तो विषय आणखी वेगळा.

आता आपल्याकडे ज्याचं नाव कोणी काढत नाही ती गोष्ट. चिंच! चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याच टार्टारिक अॅसिडचा. चिंच खाऊन किडनीला इजा झालेल्या कुत्र्यांच्या केसेस नोंदलेल्या आहेत. झाडाखाली पडलेल्या पिकल्या चिंचा गोड लागतात, कुत्री चघळतात. चिंचगुळाची आमटी भातावर घालून देणाऱ्यांनी पण विचार करावा, घासभर चाटलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण रोजचं जेवण ते नको, त्यात कांदा लसूण असला तर तेही कुत्र्याला वाईटच. सणाच्या पानातलं पंचामृत तर चिंच आणि बेदाणे दोन्ही एकत्र, ते पान कुत्र्यापुढे उष्टं ठेवू नका.

समजा खाल्लेच बेदाणे, तर काय? उलटी होते का बघत बसायचं नाही. पहिल्या दोन तासांत आणलं तर आम्ही इंजेक्शननं उलटी करवतो आणि बराचसा माल बाहेर येतो. नंतर सलाईन, आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्ततपासणी) पुढचे दोनतीन दिवस तपासत राहायचं, कारण सुरुवातीचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि लोक निर्धास्त होतात. साधारण दिवसभरात उलट्या, मलूलपणा, न खाणं, आणि मग लघवी कमी होत जाणं. लघवी थांबल्यावर आणलेल्या कुत्र्याचं आमच्या हातात फार राहत नाही. आणि हात जोडून सांगतो, घरी मिठाचं पाणी पाजू नका. मिठानं रक्तातलं सोडियम चढून, झटके येऊन दगावलेली कुत्री असतात, बेदाणा राहतो बाजूला.

गुहागरची_सून

बापरे डॉक्टर, चिंचेचं हे पहिल्यांदाच ऐकलं! आमच्या दारातच झाड आहे 😐 बरं मग शिऱ्याचं काय करू, प्रसाद नाही म्हटलं तर सासूबाईंना वाईट वाटेल. आणि आंब्याचं प्रमाण सांगा ना.

निवृत्त_मावशी

अगं त्यात काय, बेदाणे घालायच्या आधी वाटीभर शिरा बाजूला काढायचा, नैवेद्य दाखवताना तीही वाटी ठेवायची, कॉफीला त्यातला चमचाभर. तूप साखर असतं म्हणून चमचाभरच. आमच्या बंड्याला मी असंच करते, देवही खूश आणि बंड्याही. सासूबाईंना आधी सांगून ठेव म्हणजे झालं, ऐन वेळी स्वयंपाकघरात शिकवायला जाऊ नको.

आणि आमरस देऊ नका गं. नुसती फोड वेगळी आणि रस वेगळा, रसात दूध साखर असते आणि आमच्याकडे तर जायफळ पडतं, जायफळ जास्त गेलं तर कुत्र्यांना चढतं. शिकरणाचं पण तेच, दुधानं पोट बिघडतं.

पशुवैद्य_मिरज

मावशींचा उपाय उत्तम, मी तरी याहून वेगळं सांगितलं नसतं.

आंब्याचं सांगतो. 27 किलोच्या लॅबला दिवसाला साधारण 1200 कॅलरी लागतात, तीही जास्त आळशी नसेल तर. वरखाऊ सगळा मिळून, म्हणजे बिस्किटं, च्यू, फळं सगळं धरून, यातल्या दहा टक्क्यांत बसवायचा. म्हणजे 120. आंब्याचा गर शंभर ग्रॅमला 60 च्या आसपास, म्हणजे मध्यम हापूसचा गर संपला की तिचा दिवसाचा कोटा जवळजवळ संपला. एक केळं साधारण 100. लॅब आधीच जाड होतात, आणि त्या दिवशी किबल (पाकिटातलं कोरडं खाणं) तेवढं कमी करायचं हे कोणी करत नाही. पहिल्यांदा देताना दोन फोडी द्या, दुसऱ्या दिवशी शी बघा, पातळ नसेल तर पुढे. साल नको. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले, आंब्याचा चीक ओठाला लागून फोड येतात ते आपल्याला माहीत आहे, आणि साल पचतही नाही.

त्यावरून काजूचं. बोंड चाखलं तर एक वेळ ठीक, पण खाली लटकलेली कच्ची बी कुत्र्यानं चावली तर टरफलातलं तेल तोंड भाजून काढतं. अंगणात बोंडं पडतात तिथे बांधू नका तिला, आणि काढणीच्या बिया उघड्यावर ठेवू नका.

फणसाचा गरा चालतो, आठळी काढून, चारखंड आणि पाती मात्र उकिरड्यात खोल पुरा, त्या चिवट पात्या गिळल्या की त्याही अडकतात. पिकून आंबलेली फळं, विशेषतः झाडाखाली सडलेले आंबे, यात दारू तयार होते आणि कुत्रा खरोखर झिंगतो. हसण्यासारखं वाटतं, नसतं.

सासवडकर

सीताफळाबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्याकडे ऑगस्टपासून सीताफळं चालू होतात. बी विषारी असते, उवा मारायला बियांची पूड लावायची जुनी पद्धत होती आणि ती डोळ्यात गेली तर डोळा जायची वेळ यायची, त्यावरून समजा. गर बोटानं काढून बिया वेगळ्या करून द्यायचा, इतका खटाटोप करायचा नसेल तर देऊच नका. अख्खी बी गेली तर बहुतेक तशीच पडते, पण चावली तर त्रास.

चिकूची बी पण बघा, तिला टोकाला हुक असतो. पेरू, पपई (बिया काढून), कलिंगड बिया आणि पांढरा भाग काढून, हे सगळं आम्ही देतो. सफरचंदाच्या बियांनी मरतात वगैरे लोक लिहितात पण एकदोन बियांनी काही होत नाही, गाभा घशात अडकतो तो खरा धोका.

डाळिंब नको, दाणे खाल्ले की आमचा कायम ओकतो.

डोंबिवली_फास्ट

चाट मसाला लावलेली फळं पण नकोत. संध्याकाळी टपरीवरचं फ्रूट चाट कुत्र्यासोबत शेअर करणारे बरेच दिसतात.

तासगावचा_पाटील

डॉक्टर साहेब, चार किलोचा एक किलो होतो हे तर आम्हाला रोजचं गणित, पण कुत्र्याच्या पोटात धरून कधी बघितलं नव्हतं. शेडला जाळी आहेच, दार लावून घेत जाऊ. पण बागेतनं कुत्रं कसं बाहेर ठेवायचं ते सांगा, डुकरं येत्यात रात्रीची, कुत्र्याशिवाय जमत नाही.

पशुवैद्य_मिरज

पाटील, राखणीला ठेवा पण भुकेलं ठेवू नका, संध्याकाळी पोटभर घालून मगच बागेत सोडा. विरळणीचे आणि खुडलेले कच्चे घड वाफ्यात टाकून देता ना, ते गोळा करून खड्ड्यात टाका, तेच जास्त आंबट. तरी एखादं कुत्रं सुस्त पडलं, ओकायला लागलं, मुतेना झालं, तर "ऊन लागलं असेल" म्हणू नका, घेऊन या.

गुहागरची_सून

सगळ्यांचे खूप आभार. शिऱ्याची वाटी मावशींच्या पद्धतीनं. सासऱ्यांसाठी बाठ्याचा किस्सा नवऱ्याला सांगायला लावणार, माझ्यापेक्षा मुलाचं ऐकतील. चिंचेखाली झाडलोट करून घेऊ.

एकच राहिलं, जांभळं? ती तर दिवसभर वेचत असते, बियांसकट.

पशुवैद्य_मिरज

गर विषारी नाही. दोनचार बिया गेल्या तर लॅबच्या अंगातून निघून जातात, पण दिवसभर वेचू दिल्या तर बद्धकोष्ठ होऊन बसेल, तेवढा वेळ तिला पडवीतच ठेवा. जीभ आणि शी जांभळी झाली तर फोन करू नका, दर जूनमध्ये मला त्याचे फोटो येतात. ड्रॅगन फ्रूट दिलंत तर लाल होईल, तेही चालतं.