मदत हवी आहे: जिओकॅशिंग स्पर्धेत आपल्यासारख्यांना बरोबरीचे गुण कसे मिळतील?

मंडळी, मी वडोदऱ्याचा, जिओकॅशिंग खेळतो, म्हणजे जीपीएसवरून लपवलेले डबे शोधून आतल्या लॉगबुकात सही करायची. एका जर्मन ग्रुपच्या स्पर्धेत आम्ही इथले काही जण उतरलोय. महिन्यात ज्याचे डबे जास्त तो पुढे. वर बोनसची कोडी त्यांच्या रात्री ९ ला उघडतात, आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. जागरण करू हो, पण तिकडे गल्लोगल्ली डबे आणि इथले संपले की थेट दुसरं शहर गाठायचं, हे कसं जमणार?

नवे लपवा असं प्लीज सांगू नका, स्वतःचा डबा स्वतः शोधलेला धरत नाहीत, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, आणि इथल्या मांडवी दरवाजापाशी किंवा सूरसागर तलावापाशी बेवारस डबा दिसला तर लोक पोलिसांनाच बोलावतील, आणि ते बरोबरच आहे.

आयोजक वेगळा 'परदेशी गट' देत होते, तो नको म्हटलं, एकत्र खेळायचंय. नियम बदलायला ते तयार आहेत पण फॉर्म्युला रविवारपर्यंत आम्हीच द्यायचाय. ३० किमीतल्या डब्यांपैकी किती टक्के शोधले त्यावर गुण, असं सुचवणार होतो, पण मग इथला ४ पैकी ४ वाला पहिला आणि बर्लिनमध्ये २०० शोधणारा मागे, हाही अन्यायच ना.

तर टक्केवारी आणि एकूण आकडा दोन्ही धरून गुण द्यायची सोपी पद्धत कुणी वापरलीय का, आणि त्यात कशाला किती वजन दिलंत?