मदत हवी आहे: शनिवारी शिफ्टिंग आणि त्याच संध्याकाळी कॉन्सर्ट, कसं जमवू?

डबलबास
लवकर सांगा प्लीज. पहिल्यांदाच स्वतःचा फ्लॅट (भाड्याचाच, पण रूममेट नाही!) मिळालाय. शनिवारी चावी. टेम्पो सकाळी नऊचा सांगून ठेवलाय. संध्याकाळी मेटल कॉन्सर्ट आहे, तिकीट कधीचं काढलंय. आता वॉचमन म्हणतो शनिवारी सामान चारनंतरच आत, रविवारी अजिबात नाही. चारला सामान चढवायला घेतलं तर मी पोचणार कधी? कुणी असं केलंय का? तारीख बदल असं कृपया सांगू नका.

मी_अनु
कुठून कुठे? सामान किती? कितवा मजला, लिफ्ट आहे का? कॉन्सर्ट कुठे? यातलं काहीच लिहिलं नाहीयेस, सांगणार काय डोंबल?

गिरणगाव
बँड कुठला ते आधी सांग. मग ठरवू जाण्यासारखं आहे की नाही.

डबलबास
अंधेरी ईस्टच्या पीजीतून भांडुप वेस्टला. चौथा मजला, लिफ्ट आहे. गादी, टेबल, तीन बॅगा, गिटार, अ‍ॅम्प आणि मित्राकडून घेतलेला फ्रीज. कॉन्सर्ट महालक्ष्मी रेसकोर्सवर. बँडचं नाव मुद्दाम सांगत नाही, सांगितलं की इथे "हे काय मेटल आहे होय" सुरू होईल.

गिरणगाव
म्हणजे ते मेटल नाहीच. खरं मेटल रंगभवनात संपलं बाबा. तिथे, धोबीतलावला, आय-रॉक हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा, १९८६ पासून. उघड्यावर, दगडी पायऱ्यांवर बसून. घामाने टी-शर्टचा रंग उतरून बनियनला लागायचा. मग सायलेन्स झोन आला, शंभर मीटरच्या आत हॉस्पिटल आणि कॉलेज म्हणून आवाज बंद. आता तुम्ही मनगटाला पट्टी बांधून रांगेत उभे राहता आणि बर्गर खाता. मी मेटॅलिका मुंबईत पाहिलीय, तुम्हाला काय कळणार.

राग_मेटल
काका, मेटॅलिका मुंबईत वाजलीच नाही. २०११ मध्ये गुडगावचा शो रद्द झाला आणि बंगळूरचा झाला. तुम्ही २००८ चं आयर्न मेडन म्हणताय बहुतेक, ते बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) होतं.

गिरणगाव
असेल. गर्दी तीच होती.

मालतीताई_मुलुंड
शनिवारी नव्या घरात पाऊल टाकू नका. शुक्रवारीच जाऊन हळदकुंकू, तांदूळ, मीठ आणि पाण्याने भरलेला तांब्या ठेवून या. सामान नंतर कधीही नेलंत तरी चालतं. आणि दूध उतू घालवायला विसरू नका.

डबलबास
ताई, गॅसच नाही तर दूध कशावर तापवू? आणि चावी शनिवारी आहे हो.

मालतीताई_मुलुंड
इंडक्शन घ्या.

थंडा_मतलब
फ्रीज टेम्पोत आडवा टाकला असेल तर पोचल्यावर उभा करून काही तास तसाच ठेव, लगेच बटण दाबू नकोस. आडवा पडला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये जातं. माझ्या भावाने घाई केली, फ्रीज कपाट म्हणून वापरतोय.

साष्टीकर
एक मिनिट. चावी शनिवारी मिळणार म्हणजे अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालंय ना? आणि ही चारनंतरची अट वॉचमनची की सेक्रेटरीची?

डबलबास
अ‍ॅग्रीमेंट मालक शनिवारी पुण्याहून आले की करू, एजंट म्हणाला राहायला आल्यावर होतं आरामात. टोकन दिलंय, डिपॉझिटचा चेक शनिवारी. सेक्रेटरीकाकांनी फोनवर अ‍ॅग्रीमेंटची कॉपी आणि पोलीस व्हेरिफिकेशनची पावती मागितलीय, त्याशिवाय सामान आत नाही म्हणाले. पण तो वेगळा विषय आहे.

साष्टीकर
अरे तोच विषय आहे! शनिवारी चार वाजता टेम्पो गेटवर उभा राहील, वॉचमन कागद मागेल आणि तू सेक्रेटरीला फोन लावत बसशील. कॉन्सर्ट तिथेच संपला.
नीट वाच. लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे तुझ्या या भाडेकराराची, नोंदणी ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, आधारवर पडताळणी होते, दोन साक्षीदार लागतात. सगळ्यांनी एका जागी बसायची गरज नाही. मालकाचा अंगठा पुण्यात, तुझा इथे, वेगवेगळ्या दिवशीही चालतो. म्हणजे मालक मुंबईत येईपर्यंत थांबायचं कारणच नाही. अंगठे झाले तरी रजिस्ट्रार ऑफिसची मंजुरी यायला वेळ जातो, म्हणून आजच सुरुवात कर. पोलिसांना कळवणंही ऑनलाइन आहे, पावती लगेच हातात येते.
भाडं आणि डिपॉझिट किती?

डबलबास
२६,००० आणि एक लाख. अकरा महिने.

साष्टीकर
मग स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के. अकरा महिन्यांचं भाडं २,८६,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी व्याज मिळवायचं. साधारण साडेसातशे रुपये होतात. नोंदणी फी १,०००. एजंटची मजुरी वेगळी, ती आधी ठरवून घे. "नंतर करू" वाला एजंट बहुतेक आळशी असतो किंवा मालकाचा वेळ वाचवत असतो. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरतात. हे मालकांना गोड आवाजात सांगितलंस तर तेच घाई करतील.

वकीलसाहेब_नाही
इतकं कशाला? पाचशे रुपये वॉचमनच्या हातावर ठेव, सामान आत. मी तीन सोसायट्यांत असाच शिरलो.

साष्टीकर
आणि मग सेक्रेटरी लिफ्ट बंद करतो. चौथ्या मजल्यावर फ्रीज तू नेणार का?

मी_अनु
आमच्या सोसायटीने भाडेकरूकडून पाच हजार "शिफ्टिंग चार्ज" मागितले होते. लेखी ठराव दाखवा म्हटल्यावर दोन हजारांवर आले. मला आधी उगाच भांडखोर म्हणाले, मग गणपतीच्या वर्गणीला स्वतःहून घरी आले. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो) असेल तर तो मालकाने द्यायचा, तोही सर्व्हिस चार्जच्या दहा टक्क्यांपर्यंतच. भाड्यावर लावत नाहीत.

राग_मेटल
कुणी मूळ प्रश्नाला हात लावणार आहे का? रेसकोर्सला बॅग, हेल्मेट, पॉवरबँक सहसा आत सोडत नाहीत, त्यामुळे शिफ्टिंगवरून थेट येणार असशील तर खिशात मावेल तेवढंच. बाहेर पडलास की परत घेत नाहीत. आणि इअरप्लग घे. स्पीकरजवळ १०० डेसिबल सहज होतात, तेवढ्या आवाजात कान जेमतेम पंधरा मिनिटं सुरक्षित. संगीतकारांचे मिळतात, गाणं नीट ऐकू येतं. कापूस घालून येऊ नकोस, काही उपयोग नाही.

गिरणगाव
रंगभवनात कुणी प्लग घातले नव्हते.

राग_मेटल
म्हणून काका, मेटॅलिका आणि मेडनमधला फरक ऐकू आला नसेल.

मी_अनु
परत कसा येणार आहेस? भांडुपला फक्त स्लो लोकल थांबते.

डबलबास
महालक्ष्मीहून दादर, तिथून सेंट्रल.

गिरणगाव
त्या गर्दीत दादरचा पूल नको. बाहेर पड, सात रस्त्याने चिंचपोकळी स्टेशन गाठ, तिथून थेट भांडुप स्लो. चालत जाशील.

साष्टीकर
भायखळा जास्त सोयीचं. टॅक्सी मिळाली तर दहा मिनिटं.

गिरणगाव
कॉन्सर्ट सुटल्यावर टॅक्सी मिळते का कधी? चिंचपोकळी.

डबलबास
अपडेट. मालकांशी बोललो. त्यांना वाटत होतं एजंट सगळं करतोय आणि एजंटला वाटत होतं मालक यायचे आहेत. उद्या दोघांचे अंगठे. मंजुरी वेळेत आली तर सेक्रेटरीकाका शुक्रवारी सहानंतर सामान घेऊ देतो म्हणाले, लिफ्टला आतून पुठ्ठा लावायच्या अटीवर. चावी एजंटकडे आहेच. म्हणजे शनिवार मोकळा! ताईंचा शुक्रवारही साधला.

साष्टीकर
शुक्रवारी सहाला जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड)? पवई ते गांधीनगर जंक्शन टेम्पोत बसून रात्र होईल. तीनला निघ आणि सहाला गेटवर उभा राहा.

थंडा_मतलब
आणि तोवर फ्रीज उभा ठेव.

मी_अनु
पीजीवाल्यांना महिन्याची नोटीस दिली होतीस ना? नाहीतर ते डिपॉझिट कापतात.

डबलबास
नोटीस लेखी द्यायची असते का?