'वाय-फायवर या' म्हणे! टॉवरवाल्यांचा भार आम्ही का उचलायचा?

गल्ली_आठवी
कालपासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतीय. 'कोल्हापूरकरांनो, नेट स्लो म्हणून बोंब मारू नका. घरात, दुकानात वाय-फायवर या. महापालिकेनं दिव्याच्या खांबांवर स्मॉल सेल (छोटे मोबाईल अँटेना) बसवू द्यावेत. टॉवरवरचा भार हलका होईल.' खाली टाळ्यांचा पाऊस.

भार हलका कुणाचा? रिचार्ज मी मारायचा, पैसे आगाऊ. फायबरचं बिल वेगळं, राउटरची वीज माझी. आणि ज्या डेटाचे पैसे मोजले तो वापरायचाच नाही? वाय-फाय कॉलिंगची, म्हणजे रेंज नसेल तर वाय-फायवरून फोन लावायची, तीच कथा. 2019 च्या डिसेंबरात ते आपल्या देशात आलं तेव्हा केवढं कौतुक. अहो, घरात रेंज येत नाही ही कंपनीची अडचण, ती निस्तरतोय माझा ब्रॉडबँड!

खांबाचं म्हणाल तर केंद्राच्या 2022 च्या नियमदुरुस्तीत शहरात एका खांबामागं कंपनीनं वर्षाला 300 रुपये द्यायचे धरलेत. वर्षाला! तेवढ्यात चौघांची मिसळ निघायची मारामार. टोल घालवलेल्या गावाला हे गोड लागतंय याचंच आश्चर्य वाटतं.

तारवाला
टॉवर, बेस स्टेशन (टॉवरवरची मोबाईल यंत्रणा) यातच अख्खी नोकरी काढली, म्हणून लिहितो. टॉवरवर साधारण तीन दिशांना तीन सेक्टर. एका सेक्टरची क्षमता त्या दिशेची सगळी वस्ती वाटून घेते. नवरात्रात भवानी मंडप ते महाद्वार काय गर्दी असते ते मी सांगायला नको. प्रत्येकजण व्हिडिओ काढून लगेच पाठवणार. पुरणार कसं? नवा स्पेक्ट्रम (मोबाईलच्या लहरींचा पट्टा) हवा तर सरकारी लिलाव. नवा टॉवर म्हटलं की तुम्हीच 'रेडिएशन'चे फलक घेऊन दारात. (2012 पासून आपली रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली, पण ऐकतो कोण.)

मग उरतं काय? तोच स्पेक्ट्रम वस्तीच्या लहान लहान तुकड्यांत पुन्हा पुन्हा वापरायचा. टॉवरवरचा 5जी रेडिओ शे-दोनशे वॉटचा, खांबावरचा सेल एक ते पाच वॉटचा. जुन्या पेठांतल्या दगडी भिंतींपुढं 5जीची 3.3 गिगाहर्ट्झची लहर दम टाकते, समोरच्या खांबावरून आली तर आत शिरते. आणि फायबर तुम्ही टीव्हीवर मॅच बघायला घेतलंय, टॉवरवर उपकार करायला नाही.

उद्यमनगर_लेथ
एक शंका. माझ्या शॉपवर वाय-फाय आहे, पण ते एअरफायबर. छतावर डबा, डब्याला 5जी टॉवरवरून. मग मी वाय-फायवर आलो म्हणजे टॉवरवरून उतरून परत टॉवरवरच चढलो की!

तारवाला
घ्या, हा मुद्दा तुमचा. एअरफायबर म्हणजे ऑफलोड (टॉवरवरचा भार दुसरीकडं वळवणं) नव्हे, भर घालणंच. पोस्ट लिहिणाऱ्याला ते सुचलं नसावं.

निवृत्त_मास्तर
सार्वजनिक वाय-फाय आपल्याकडं रुजत का नाही याचं उत्तर रेल्वे स्टेशनांवर मिळालंय. 2016 ला मुंबई सेंट्रलपासून गूगल आणि रेल्वेच्या रेलटेल कंपनीनं सुरुवात केली, चारशेवर स्टेशनं झाली आणि 2020 मध्ये गूगलनं आवरतं घेतलं. मोबाईल डेटाच इतका स्वस्त झालाय, हे त्यांनीच सांगितलेलं कारण. त्याच वर्षी पीएम-वाणी ही सरकारची सार्वजनिक वाय-फायची योजना आली. चहाच्या टपरीवाल्यालाही लायसन्सशिवाय वाय-फाय विकता येतं. पण रोजचा दोन जीबी खिशात असताना ओटीपीची कटकट कोण करतो? एका हॉटेलात मोबाईल वाय-फायला जोडायला गेलो तर ओटीपी मोबाईलवर येणार, आणि आत मोबाईलला रेंजच नाही. म्हणून तर वाय-फाय मागितलं होतं!

पेठकरी
ते राहू द्या. खांबांवर सेल बसवायचे म्हणता, आधी खांबांवरची वायरींची जाळी काढा की. मागच्या अनंत चतुर्दशीला पापाच्या तिकटीजवळ आमची ट्रॉली वायरीत अडकून पडली. पोरं बांबूनं वायरी उचलालीत आणि मागं पोलीस शिट्ट्या मारालेत.

राउटर_बंद
उचलत नाही भावा, तोडता तुम्ही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं नेट नाही. बहिणीची ऑनलाइन मुलाखत गेली. त्याचं काय?

पेठकरी
मंडळावर घसरायचं काम नाही. मिरवणूक आधीपासनं हाय, वायर काल आली. 2019 ला पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा बोटी घेऊन कोण फिरलं? तालमीची पोरंच की. तेव्हा तुमचं फायबर कुठं होतं?

राउटर_बंद
पुरातलं काम सोळा आणे खरं, त्याला सलाम. म्हणून मूर्ती दरवर्षी दोन फूट वाढलीच पाहिजे का?

पेठकरी
पुण्यात बसून आम्हाला उंची शिकवू नका.

राउटर_बंद
फुलेवाडीत राहतो हो मी.

पेठकरी
मग तर लाज वाटाय पाहिजे.

केबल_जोडणारा
मी ह्याच लाइनीत हाय. वायर हौसेनं वर टाकत नाही कोण. रस्ता खणायचा तर दर मीटरला पैसे, वर परवानगीचे हेलपाटे. म्हणून खांबावरून ओढतो. आणि मंडळवाले सगळे सारखे नसतात, काहीजण आधी फोन करतात, आम्ही जाऊन वायर सोडतो, ट्रॉली गेली की बांधतो. बाकीचे सरळ कात्री लावतात. त्या स्मॉल सेलच्या मागंपण फायबर लागणारच की. तीबी अशीच वरनं येणार. म्हणजे एक वायर तुटली की घराचं नेट गेलं आणि खांबाचंबी गेलं.

गल्ली_आठवी
धागा मिरवणुकीवर गेलाच, पण ह्या केबलवाल्या भावांनी नेमकं बोट ठेवलं. आणि पुराचंच घ्या. 2019, 2021, दोन्ही वेळा वीज गेली. टॉवरला निदान बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर असतात. घरचा राउटर वीज गेली की मेला. खांबावरच्या डब्याला किती बॅकअप देणार तुम्ही? नेमकं जेव्हा फोन लागायला हवा तेव्हाच तुमचं ऑफलोड झोपणार.

तारवाला
पुराचा मुद्दा मान्य, नाइलाजानं. पण टॉवर काढून सेल बसवा असं म्हटलंय कुणी? टॉवर राहतोच. सेल महाद्वार, शाहू स्टेडियम, बसस्टँड अशा ठिकाणी गर्दीपुरता जोडीला. तुम्हाला 300 रुपये टोचतात, ठीक, महापालिकेनं खांबाबरोबर वायर जमिनीखालून न्यायची अट घालावी. पण मग खोदाईचे पैसे मीटरवर मागू नयेत. दोन्ही कसं चालेल?

गल्ली_आठवी
खोदाई फुकट, खांब 300 ला, फायबरचं बिल आमचं. कंपनीनं फक्त यायचं आणि फीत कापायची. झकास.

राउटर_बंद
केबलवाले भाऊ, ते राहू दे. फुलेवाडीतली वायर यंदा मिरवणुकीआधी जरा उंच बांधाल काय?

केबल_जोडणारा
बांधली असती. खांबच तेवढा उंच न्हाई.