ऑफिसचा मेल आणि घरचं सगळं एकाच फोनवर : कोणता फोन घ्यावा? मदत हवी आहे

मंडळी, फोन बदलायचा आहे. रिव्ह्यू बघून बघून डोक्याचा भुगा झालाय. जो तो कॅमेऱ्यावर घसरतो. चंद्राचा फोटो किती जवळून येतो हे कळून मी काय करू? मला सकाळच्या मीटिंगची वेळ बदलल्याचा मेल मीटिंगच्या आधी दिसला पाहिजे, एवढीच माफक अपेक्षा आहे.

माझा वापर सांगते. ऑफिसचा मेल आणि कॅलेंडर मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे, शिवाय चॅट-मीटिंगसाठी टीम्स. मेलमधून आलेली एक्सेल शीट फोनवर नुसती वाचता आली तरी पुरे, आकडेमोड लॅपटॉपवरच करते. दोन सिम लागतात. घरचं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, बँकेची अ‍ॅप्स, फोटो आणि एक जीमेल. गेम अजिबात नाही. फार महागातला नको, पण घेतला की चार-पाच वर्षं बघायला लागू नये.

सध्याच्या अँड्रॉइडच्या दोन तक्रारी आहेत. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच इथे फाटे फुटायला नकोत.

पहिली म्हणजे जीमेलवरचा मेल उशिरा येतो. लॅपटॉपवर मेल येऊन वाचूनही होतो आणि फोन शेजारी ढिम्म पडलेला असतो. उचलून लॉक उघडलं की मग टिंग, टिंग, टिंग, अर्ध्या तासाचे मेल एकदम.

दुसरी तक्रार जास्त खटकते. फोनसोबत आलेल्या मेल अ‍ॅपमध्ये ऑफिसचं खातं जोडायला गेले तर ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ची परवानगी मागणारा पडदा आला. त्यात साध्या यादीत, पासवर्डच्या नियमांच्या ओळीला लागूनच लिहिलं होतं की फॅक्टरी रीसेट करून, पूर्वसूचना न देता फोनमधला सगळा डेटा पुसता येईल. मी तिथूनच माघारी फिरले. आता मेल ब्राउझरमध्ये बघते, म्हणजे नोटिफिकेशनचा प्रश्नच मिटला!

तर अँड्रॉइड की आयफोन? एकच फोन ठेवावा की दोन? आणि ऑफिसला माझे फोटो दिसतात का, हे कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद १ :

फोन कोणता, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की तुमचं ऑफिस मेल कुठल्या पद्धतीने देतं. आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका.

तुम्ही पाहिलेला पडदा एक्स्चेंजच्या (मायक्रोसॉफ्टची ऑफिस-मेलची यंत्रणा) जुन्या पद्धतीतला. फोनच्या स्वतःच्या मेल अ‍ॅपमध्ये खातं जोडलं की अ‍ॅडमिनला अख्खा फोन पुसायचा हुकूम सोडता येतो. फोन चोरीला गेला तर ऑफिसच्या दृष्टीने ते बरोबरच, पण त्यात तुमचे फोटोही जातात. तेच खातं मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक अ‍ॅपमध्ये जोडलं तर एक्स्चेंजकडून आलेला तोच हुकूम फक्त आउटलुकमधला डेटा पुसतो. बाकी फोनला धक्का लागत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे वर्क प्रोफाइल. ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून आहे. फोनमध्ये ऑफिसच्या अ‍ॅप्सचा वेगळा कप्पा होतो आणि त्या आयकॉनवर छोटी बॅग दिसते. फोन तुमच्या मालकीचा असेल तर कंपनीची सत्ता त्या कप्प्यापुरती. स्क्रीन लॉक असलाच पाहिजे असे काही नियम पूर्ण फोनला लागू शकतात, पण तुमचे फोटो, चॅट, घरची अ‍ॅप्स त्यांना दिसत नाहीत. नोकरी सोडली की कप्पा पुसतात, बाकी सगळं जागच्या जागी. मला सगळ्यात आवडतं ते हे की संध्याकाळी एक बटण दाबून अख्खं ऑफिस बंद करता येतं. आयकॉन करडे पडतात आणि साहेबांचे मेल सकाळपर्यंत वाट बघतात.

फोन कंपनीने दिलेला असेल तर मात्र हिशोब वेगळा. तिथे त्यांचे हात बरेच लांबवर पोचतात, त्यामुळे त्यात घरचं काही ठेवू नये.

प्रतिसाद २ :

दोन फोन घ्या, विषय संपला.

प्रतिसाद ३ :

वरच्यांना : दोन फोन, दोन चार्जर, आणि ज्यावर कॉल येतोय तो नेमका दुसऱ्या खोलीत. करून बघा आणि मग सांगा.

आयफोनबद्दल लिहितो, बरीच वर्षं तोच वापरतोय. अँड्रॉइडसारखी एकाच अ‍ॅपची बॅगवाली दुसरी प्रत इथे नसते. २०१९ च्या आयओएस १३ पासून ‘यूझर एनरोलमेंट’ म्हणून प्रकार आहे. त्यात ऑफिसचा डेटा फोनच्या स्टोरेजमध्ये वेगळ्या विभागात ठेवला जातो आणि कंपनीला तेवढाच काढून टाकता येतो. तुमच्या ऑफिसने ती सोय लावलेली असायला हवी हे ओघाने आलंच. संध्याकाळी मेल गप्प करायला फोकस मोड आहे, पण तो फक्त नोटिफिकेशन थांबवतो. बोट शिवशिवलं की अ‍ॅप उघडतंच.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. आयफोनच्या मूळ मेल अ‍ॅपमध्ये ऑफिसचं एक्स्चेंज खातं पुश होतं, मेल आला की लगेच दिसतो. साधं जीमेल मात्र तिथे ठरावीक वेळाने ओढून आणलं जातं. त्यासाठी जीमेलचं स्वतःचं अ‍ॅप टाका. दोन नंबरांची अडचण नाही. आयफोन १३ पासून पुढे दोन ई-सिम (कार्ड न घालता चालणारी सिम) एका वेळी चालू राहतात.

प्रतिसाद ४ :

मेल उशिरा येण्याचं कारण बहुतेक मेल नाहीच, बॅटरी आहे. अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन पडून असला की मागे चालणारी अ‍ॅप्स झोपवली जातात. त्यावर काही कंपन्या आपली आणखी कडक कात्री चालवतात, कारण जाहिरातीत बॅटरी दोन दिवस टिकल्याचं दाखवायचं असतं. लॉक उघडताच मेलचा लोंढा येतो, हे त्याचं अगदी ठळक लक्षण.

नवा फोन घ्यायच्या आधी सध्याच्याच फोनवर आउटलुक टाकून बघा. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या पर्यायात जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं बटण असेल तर तेही चालू करा. आणि अलीकडची अ‍ॅप्स झटकून बंद करायची सवय असेल तर आउटलुकपुरती सोडा. काही फोनवर झटकलेलं अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत मेलेलंच राहतं.

प्रतिसाद ५ :

चार-पाच वर्षं टिकायला हवा असेल तर मेगापिक्सेल सोडा आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते बघा. ऑफिसं हल्ली जुन्या आवृत्तीच्या फोनला मेल नाकारतात, त्यामुळे हा फक्त हौसेचा प्रश्न नाही. गूगलने पिक्सेल ८ पासून (२०२३) आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून (२०२४) सात वर्षांचं आश्वासन दिलंय. पण ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही! सवलतीत मिळणाऱ्या दोन वर्षं जुन्या मॉडेलची दोन वर्षं दुकानातच सरलेली असतात. शिवाय त्याच कंपनीच्या स्वस्त मालिकांना तेवढी वर्षं मिळतीलच असं नाही, मॉडेलचं नाव घालून तपासा.

वर्क प्रोफाइल लागणार असेल तर स्टोरेज आणि रॅममध्ये काटकसर नको. अ‍ॅप्स दुप्पट होतात. २५६ जीबी घ्याच.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. आयटीला विचारलं. आमच्याकडे फोनची कंपनीकडे नोंदणी सक्तीची नाही. आउटलुक आणि टीम्स याच अ‍ॅप्समधून मेल-चॅट बघायचं, त्यांना वेगळा पिन, आणि आउटलुकमधला मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवता येणार नाही. अँड्रॉइडवर यासाठी ‘कंपनी पोर्टल’ नावाचं अ‍ॅप टाकावं लागतं, पण त्यात नोंदणी करायची नाही, ते नुसतं असायला हवं. मजकूर चिकटवता न येणं पहिल्या दिवशी वैताग देईल, पण फोटो पुसले जाण्यापेक्षा हे कधीही बरं.

प्रतिसाद ४ चा उपाय करून बघितला. मेल आता वेळेवर येतात! म्हणजे फोन बदलायचं निम्मं कारणच गेलं. उरलेलं निम्मं असं की सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघितली तर ती दीड वर्षापूर्वीची निघाली आणि पुढचं अपडेट येण्याचं चिन्ह नाही. तेव्हा फोन घ्यायचाच, पण घाई नाही. आयफोन मला हातात अनोळखी वाटतो, म्हणून जास्त वर्षं अपडेट देणारा, २५६ जीबीचा अँड्रॉइड, आणि गेल्या वर्षीचं नाही तर चालू मॉडेल, असं ठरवते आहे.

शेवटचं एक. ऑफिसच्या लॉगिनला मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमधला नंबर टाकावा लागतो. तो नव्या फोनवर आपोआप येतो का?

प्रतिसाद १ :

आपोआप नाही. बॅकअपमधून फार तर खात्याचं नाव येतं, ऑफिसच्या खात्याला नव्या फोनवर पुन्हा साइन-इन करावंच लागतं. आणि त्या साइन-इनसाठी मंजुरी मागतो तो जुना फोन. म्हणून जुना चालू असतानाच लॅपटॉपवरून खात्याच्या सिक्युरिटी इन्फोच्या पानावर जा, नव्या फोनवरचा ऑथेंटिकेटर तिथे जोडा, एकदा लॉगआउट करून नव्या फोनवरून लॉगिन होतंय ना ते बघा, मग यादीतून जुना काढा. रीसेट त्यानंतर. बँकेच्या अ‍ॅप्सचंही तसंच, नव्या फोनवर नोंदणी झाल्याशिवाय जुना कुणाला देऊ नका.