शब्दचर्चा: शंका, संशय, अविश्वास... घरसभेत कोणता शब्द?

नगरची लेक

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी दहा-बारा जण जमतात. जुनी माणसं तिला घरसभा म्हणतात, माझ्या आईच्या तोंडी अजून 'कॉटेज' असतं आणि तरुण मुलं 'सेल ग्रुप' म्हणतात. गीत, शास्त्रपाठ, त्यावर थोडं बोलणं, प्रार्थनेचे विषय, मग चहा. आता काही आठवडे फक्त विश्वास आणि त्याबद्दल मनात येणारे प्रश्न यांवरच बोलायचं ठरलंय. पाळकसाहेबांनी मराठी टिपण लिहायला मला सांगितलं आणि मी पहिल्याच ओळीत अडकले: "तुमच्या मनातले ..... मोकळेपणाने मांडा."

गाळलेल्या जागी 'संशय' लिहिलं तर कोणावर तरी आळ घ्यायचाय असं वाटतं. 'शंका' शाळेतल्या तासासारखी वाटते. 'अविश्वास' लिहायला हात धजत नाही.

हा प्रश्न मला का छळतोय तेही सांगते. आमच्याकडे एक मावशी यजमान गेल्यानंतर पहिल्यांदाच सभेला आल्या होत्या. प्रार्थनेचे विषय सांगायची त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "माझा आता प्रार्थनेवर विश्वासच बसत नाही." कोणी काही बोलेना. मग एक वडीलधारे प्रेमानंच, पण लगेच म्हणाले, "असं बोलू नये ताई. संशय सैतानाकडून येतो." मावशींनी गीतांचं पुस्तक मिटलं, पिशवीत ठेवलं आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही. त्यानंतर त्या आलेल्या नाहीत. हे टिपण मला त्यांच्या हातात द्यायचंय. म्हणून शब्द नीट हवा.

जुना पाठक

मावशी जे बोलल्या त्याला उत्तर मिळालंच नाही, दुसऱ्याच कशाला तरी मिळालं. त्या 'विश्वास बसत नाही' म्हणाल्या, समोरच्यांनी 'संशय' ऐकला.

मराठीत या शब्दांचं मर्म नामापेक्षा क्रियापदात जास्त आहे. विश्वास आपण ठेवतो, टाकतो, धरतो. तिथे करणारा मी असतो. पण विश्वास बसतो किंवा उडतो, तेव्हा तो माझ्या बाबतीत घडतो. 'मी विश्वास ठेवत नाही' हा निर्णय झाला. 'माझा विश्वास बसत नाही' ही अवस्था झाली, आणि तिच्यात बसावा अशी इच्छा पुष्कळदा दडलेली असते. ज्याला काही पडलेलंच नाही तो हे वाक्य उच्चारणार नाही.

संशयाचंही तसंच. संशय येतो, पण आपण बहुतेक वेळा तो घेतो, आणि घेतो तो माणसावर: नवऱ्यावर, नोकरावर, भागीदारावर. म्हणून तुमच्या कानाला आळ ऐकू येतो, आणि तो खरा आहे. शंका मात्र विचारतात. शंका फिटते, शंकेचं निरसन होतं. एक सावधगिरी ठेवा: 'शंका काढणे' म्हटलं की खुसपट काढण्याची छटा येते. 'विचारणे' वापरा.

आणखी एक पुरावा. 'निःसंशय' म्हणजे खात्रीनं. 'निःशंक' म्हणजे मात्र निर्भय. संस्कृतात शंकेला भीतीचा अर्थ आहेच, तो मराठीत 'साशंक' आणि 'निःशंक' या शब्दांत टिकून राहिला. म्हणजे शंका विचारणाऱ्याच्या पोटात थोडी भीतीही असते. तुमच्या सभेतल्या माणसाला हा शब्द अचूक बसतो. देव आहे का, एवढाच त्याचा प्रश्न नसतो. हे विचारलं तर लोक काय म्हणतील, हेही त्याच्या मनात असतं.

हडपसरचा

मग 'डाउट' का नको? आमच्या वयाची मुलं तोच शब्द वापरतात. क्लासमध्ये "सर, डाउट आहे" म्हटलं की सर आनंदानं फळ्याकडे वळतात. कोणी त्याला पाप समजत नाही.

जुना पाठक

तोच डाउट वर्गाबाहेर आला की बदलतो. "मला त्याच्यावर डाउट आहे" याचा अर्थ काय होतो? तिथे तो सरळ संशय होतो. 'सरांना डाउट विचारणे' आणि 'सरांवर डाउट असणे' यांत जो फरक आहे, तोच शंका आणि संशय यांत. म्हणजे इंग्रजी शब्द आणूनही मराठी क्रियापदाची फूटपट्टी काही चुकत नाही. बोलताना खुशाल वापरा. पण टिपण साठीतल्या मावशींसाठीही आहे.

वसईकर

मी कॅथलिक, त्यामुळे आमचे शब्द थोडे निराळे. तुम्ही पाळकसाहेब म्हणता, आम्ही फादर. तुमच्याकडे 'विश्वासी', आमच्याकडे 'श्रद्धावंत' किंवा नुसतं 'भाविक'. आमच्या गावात शेजारच्या पंधरा-वीस घरांचा मिळून एक लहान ख्रिस्ती समूह असतो, तो एकेका घरी बायबल वाचायला जमतो. अडचण मात्र तुमचीच. शास्त्रपाठ झाला की सगळे छान छान बोलतात, आणि खरा प्रश्न घरी जाताना वाटेत कोणीतरी हळूच विचारतो.

मला येशूचा शिष्य संत थोमा याच्याबद्दल सांगायचंय. 'संशयी थोमा' हे विशेषण आपण इतकं घट्ट चिकटवलंय की ते शुभवर्तमानातच, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातच, आहे असं वाटतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात ते नाही. येशू मरणातून उठला असं बाकीचे शिष्य सांगतात, थोमाला पटत नाही. जखमा पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही, असं थोमा म्हणतो. आठ दिवसांनी येशू येतो, त्याला हात पुढे करायला सांगतो आणि म्हणतो, "विश्वासहीन असू नकोस, तर विश्वास ठेवणारा ऐस." मूळ ग्रीकमध्ये तिथे 'अपिस्तोस' आणि 'पिस्तोस' हीच जोडी आहे. संशय हा शब्द त्या प्रसंगात कोणीच उच्चारत नाही.

मला त्यातले आठ दिवस फार मोलाचे वाटतात. बाकीच्यांनी प्रभूला पाहिलंय, थोमानं नाही, आणि आपल्याला पटलेलं नाही हे त्यानं तोंडावर सांगितलंय. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्याबरोबर त्याच घरात आहे. त्यांनी त्याला काढलं नाही, तोही उठून गेला नाही. आणि 'माझा प्रभू व माझा देव' हे शब्द अखेर निघतात ते त्याच्याच तोंडून. आमच्याकडे जुनी माणसं मिस्सात, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, पवित्र भाकर वर उचलली जाते तेव्हा हेच शब्द मनात म्हणतात. ते थोमाचे आहेत.

आमच्या उपदेशांतून 'संशयी थोमा' जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नगरची लेक

वसईकर, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण आमच्याकडचे वडील बायबलमधलं याकोबाचं पत्र उघडतील, तेव्हा मी काय सांगू? तिथे तर स्पष्ट आहे की संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा. आणि येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालताना बुडू लागतो तेव्हाही येशू विचारतो, संशय का धरलास?

जुना पाठक

उघडू देत. दोन्ही ठिकाणी मराठीत संशय आहे, पण मूळ शब्द वेगवेगळे आहेत.

पेत्राच्या प्रसंगातलं क्रियापद 'दिस्ताझो'. नव्या करारात ते दोनदाच येतं, दोन्ही वेळा मत्तयाच्या शुभवर्तमानात. त्याच्या मुळाशी 'दोन' आहे: मन दोन जागी उभं असणं. मराठीत सर्वांत जवळचं म्हणजे 'मन द्विधा होणे'. पेत्र बुडताना ओरडतो तो येशूलाच, आणि येशू आधी हात देऊन त्याला धरतो, मग विचारतो. हा क्रम वाचून दाखवा. दुसरी जागा त्याहून महत्त्वाची, मत्तयाचा शेवटचा अध्याय. गालीलातल्या डोंगरावर शिष्य पुनरुत्थित प्रभूला पाहून नमन करतात, पण कित्येकांना संशय वाटतो. तेच क्रियापद. येशू त्यांना वेगळं काढत नाही. सर्व राष्ट्रांत जाण्याची आज्ञा त्या सगळ्यांना मिळून देतो.

याकोबाचा शब्द निराळा: 'दियाक्रिनो', मूळ अर्थ वेगवेगळं करणं, पारखणं. याकोबाच्या पत्रातल्या रूपात तो आतल्या आत विभागलेल्या मनाबद्दल येतो. लगेच पुढे याकोब 'द्विबुद्धीचा माणूस' म्हणतो. पत्र पुढे वाचलं की कळतं, त्याचा रोख एका तोंडानं देवाला स्तुती आणि त्याच तोंडानं माणसाला शाप देणाऱ्यांवर आहे, श्रीमंताला पुढची जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्यांवर आहे. नवरा गमावलेल्या बाईवर नाही. उलट त्याच पत्रात विधवांचा समाचार घेणं, म्हणजे त्यांची विचारपूस करणं, हा शुद्ध धर्माचरणाचा भाग म्हटलाय. तुमच्या वडिलांना याकोबच हवा असेल तर तेही वचन वाचायला सांगा.

शिवाय यहूदाचं छोटं पत्र आहे. संशयात असलेल्यांवर दया करा, असं ते सांगतं.

आपल्या मराठी कानात संशयाला जो कडवटपणा आहे, तो बायबलमधून आलेला नाही. गीतेतलं 'संशयात्मा विनश्यति' आपल्या बोलण्यात मुरलंय, आणि ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात संशयाहून घोर पाप नाही असं म्हटलंय. मराठी ख्रिस्ती माणूसही याच भाषेत वाढला. पण याच भूमीतल्या न्यायशास्त्रानं, म्हणजे तर्काच्या दर्शनानं, सोळा पदार्थ (विचाराचे विषय) मानले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यामागोमाग तिसरा संशय आहे. संशय पडला नाही तर विचाराला सुरुवातच होत नाही, ही नैयायिकांची भूमिका. म्हणजे शब्द वाईट नाही. पण शास्त्रकारांचा संशय घरसभेत चालणार नाही. तिथे लोकांच्या तोंडचा अर्थच ऐकू येणार.

माणगावकर

मी सिंधुदुर्गातला, धर्मानं ख्रिस्ती नाही. पण सगळं वाचलं आणि एक सांगावंसं वाटलं. मावशींच्या वाक्यात शंका नाही, संशय नाही, अविश्वासही नाही. आमच्याकडे त्याला गाऱ्हाणं म्हणतील.

गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवाच्या रूढीपरंपरेत, देवासमोर गाऱ्हाणं घालतात. ते उभं राहून, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत घालतात. त्यात काय बिघडलंय ते सांगतात, तुझी लेकरं आहोत म्हणतात, आणि सांभाळून घे म्हणतात. त्याला कोणी नास्तिकपणा म्हणत नाही, कारण देव नसता तर गाऱ्हाणं घालायचं कोणाला? तुमच्या शास्त्रात असं काही आहे का, मला माहीत नाही.

वसईकर

भरपूर आहे. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं मोठ्या संख्येनं आहेत. तेराव्या स्तोत्रात भक्त परमेश्वराला 'कोठवर' म्हणून पुन्हा पुन्हा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधार या शब्दावर थांबतं, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे आणि प्रार्थना म्हणूनच म्हटलं जातं. आणि क्रुसावर स्वतः येशू बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारतो: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" माणगावकर, तुमचा शब्द इथे चपखल आहे. 'विलाप' पुस्तकी आहे, शिवाय त्यात रडणंच ऐकू येतं. गाऱ्हाण्यात कोणाला तरी उद्देशून बोलणं आहे.

नगरची लेक

मला मार्काच्या शुभवर्तमानातला तो बापही आठवला. आजारी मुलाला घेऊन येशूकडे आलेला. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एकाच दमात दोन्ही. जो शब्द लिहायला मी घाबरत होते तो इथे प्रार्थनेत आहे.

आणि आमच्या नगरशी जोडलेलं एक घर आठवलं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तेव्हा घेतला नाही. त्या दूर राहिल्या, रडल्या, भांडल्या, सोवळं-ओवळं पाळत राहिल्या, आणि काही वर्षांनी स्वतःच्या पायांनी आल्या. मधल्या काळातलं काहीही त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लपवलं नाही. आमच्या सभेत टिळकांची भजनं सगळ्यांना पाठ आहेत. लक्ष्मीबाईंची ती वर्षं कोणी कधी काढत नाही. त्यांच्यावर एक शुक्रवार ठेवायला हवा.

तर मसुदा असा केलाय. वरचं वाक्य: "विश्वासाविषयी मनात शंका असतील त्या विचारू या. देवाजवळ गाऱ्हाणं असेल तर तेही इथे बोलू या." 'संशय' शास्त्रपाठात येईल तेव्हा जसाच्या तसा वाचायचा आणि पेत्राचा प्रसंग हात धरण्यापासून समजावायचा. पहिल्या शुक्रवारचा पाठ मार्क ९, दुसऱ्याचा योहान २०. चालेल?

जुना पाठक

'विचारू या', 'बोलू या' हे उत्तम केलंत. "शंका असल्यास विचाराव्यात" लिहिलं असतं तर कचेरीतली सूचना झाली असती. एकच बदल सुचवतो. 'असतील त्या विचारू या' यात लगेच उत्तर मिळेल अशी अपेक्षा तयार होते. काही शंका त्या संध्याकाळी फिटणार नाहीत. 'विचारू या, ऐकू या' करा.

हडपसरचा

आणि कोणी बोललं की पहिली दोन मिनिटं कोणीही वचन काढून दाखवायचं नाही, हेही टिपणात घाला. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही हा नियम केलाय. त्यानंतर गप्प बसणारी दोन-तीन मुलं बोलायला लागली.

नगरची लेक

दोन्ही घेतलं. वचन न काढण्याचा नियम वडिलांना आवडणार नाही, पण तो मी पाळकसाहेबांच्या तोंडून सांगवते. मावशींकडे टिपण छापून पाठवणार होते. आता उद्या स्वतःच घेऊन जाते.