मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ: कसोटीची टोपी बाजूला ठेवली तर सर्वांत मोठा कोण?

धागाकर्ता

सुनील की सचिन हा वाद इथे नको. तो घराघरांत झालाय आणि त्यातून कोणाचं मत बदललेलं मी अजून पाहिलेलं नाही. मला हवाय तो त्याच्या एक पायरी खालचा, आणि खरं तर जास्त कडवा वाद. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भाकडून खेळलेल्यांमध्ये स्थानिक क्रिकेटपुरता सर्वांत मोठा कोण? जिमखान्यांच्या चौरंगी-पंचरंगी (हिंदू, पारशी, युरोपियन अशा धर्म-समाजवार संघांच्या) सामन्यांपासून कालपरवाच्या रणजीपर्यंत कुठलाही काळ घ्या.

फक्त आकडा फेकून पळू नका. ते नाव तुमच्यापर्यंत कसं आलं ते सांगा. स्वतः पाहिलं असेल तर उत्तमच, आजोबांकडून ऐकलेलंही चालेल. आणि काळाकाळातला फरक कसा मोजता तेही सांगा, कारण गोची तिथेच आहे. पूर्वी रणजी बाद पद्धतीने व्हायची. पहिल्याच सामन्यात हरलात की मोसम संपला. खेळपट्ट्या उघड्या, हेल्मेट नाही. आज साखळीतच सहा-सात सामने मिळतात.

माझं मत विजय मर्चंट. रणजीत सरासरी ९८.७५, एकूण प्रथम श्रेणीत ७१.६४. त्याच्या वर फक्त ब्रॅडमन. पण मर्चंट मला आकड्यांतून नाही, आवाजातून कळले. विविध भारतीवर रविवारी त्यांचा क्रिकेटवरचा कार्यक्रम लागायचा आणि तेवढा वेळ वडील घरात कोणाला बोलू द्यायचे नाहीत. इतक्या शांतपणे बोलणारा माणूस गोलंदाजांना दोन-दोन दिवस पळवत असेल, हे तेव्हा खरंच वाटायचं नाही.

कोल्हापूरकर

भाऊसाहेब निंबाळकर. खरं तर पुढे लिहायची गरज नाही, पण लिहितो.

डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड. भाऊसाहेब नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२ चा, म्हणजे बरोबरीला नऊ कमी. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. आपल्या संघाच्या माथी हा विक्रम लागणार असं दिसल्यावर त्यांनी विश्रांतीच्या वेळेत सामनाच सोडून दिला आणि माणसं घेऊन निघून गेले. भारतीय खेळाडूने प्रथम श्रेणीत चारशेच्या वर काढल्याचं ते आजही एकमेव उदाहरण आहे. आणि कसोटी किती? शून्य.

आमच्या पेठेत आउट दिल्यावर बॅट काखोटीला मारून घरी जाणारं पोरगं दिसलं की मोठी मुलं ओरडायची, "निघालं ठाकोरसाहेब!" मला बरीच वर्षं वाटायचं की हा कोणी पेठेतलाच रडका असणार. गोष्ट कळली ती काकांकडून, आणि त्या दिवसापासून मी डाव अर्धा टाकून कधी गेलो नाही.

सदाशिव पेठी

काठियावाडची गोलंदाजी कुठल्या दर्जाची होती तेही लिहा की राव. आणि त्याच मोसमात, पुण्यातच, मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामन्यात चार डावांत मिळून २३७६ धावा झाल्या होत्या. त्या हंगामात पुण्यात गोलंदाज असणं हीच शिक्षा होती.

आमचं मत प्रा. दि. ब. देवधर. आमचे आजोबा स. प. महाविद्यालयात त्यांच्या संस्कृतच्या वर्गात होते. महाराष्ट्राने रणजी जिंकली १९३९-४० मध्ये आणि पुन्हा १९४०-४१ मध्ये, दोन्ही वेळा कर्णधार देवधरच. त्यानंतर आजवर एकदाही नाही! तीनदा अंतिम फेरीत पोचून हरलो. १९४० च्या मोसमात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने ६७५ केल्या, मुंबईने ६५० पर्यंत पाठलाग केला आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. त्या ६७५ पैकी २४६ देवधरांच्या. वय अठ्ठेचाळीस. या वयात आमच्या सोसायटीतले लोक जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबतात.

काळाचा फरक मी असा मोजतो की माणूस गेल्यावर त्याच्या संघाचं काय झालं ते बघायचं. मर्चंट गेल्यावर मुंबई जिंकतच राहिली. देवधरांनंतर महाराष्ट्राची कपाटं रिकामी आहेत.

कोल्हापूरकर

म्हणजे २४६ ची खेळपट्टी गोलंदाजांची आणि ४४३ ची पाटा, असंच ना? दोन्ही पुण्याच्याच, साहेब. एका सामन्यात तेराशे धावा झाल्या तेव्हा गोलंदाजांची शिक्षा आठवली नाही?

नागपूरवाला

अपेक्षेप्रमाणे गाडी पुण्याच्या पुढे आलीच नाही.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. साठ वर्षं आम्ही मैदानावर जायचो ते बाहेरच्या संघांचे मोठे खेळाडू बघायला. आपला संघ हरणार हे गृहीत धरून डबा घेऊन जायचो. मग १ जानेवारी २०१८, इंदूर, समोर दिल्ली. रजनीश गुरबाणीची हॅटट्रिक आणि पहिली रणजी. पुढच्या वर्षी पुन्हा. २०२४-२५ मध्ये नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानात केरळविरुद्ध तिसरी, आणि त्या मोसमात हर्ष दुबेच्या ६९ विकेट. रणजीच्या एका मोसमात एवढ्या कोणी घेतल्या नव्हत्या.

माझं मत मात्र फैज फजल. पदार्पणात १५१, पहिल्या दोन्ही विजेतेपदांचा कर्णधार. भारताकडून एकच वनडे, २०१६ मध्ये झिम्बाब्वेत, त्यात नाबाद ५५ आणि विषय बंद. वर्षानुवर्षं पडेल संघाकडून सलामीला जायचं, संघ बदलायचा विचार प्रत्येकाने सुचवायचा, आणि शेवटी तोच संघ जिंकवून दाखवायचा. मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये जन्मलेल्यांना हे कळायचं नाही.

सोलापूरहून

पॉली उमरीगर यांचा जन्म सोलापूरचा. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक त्यांचं. एवढं नोंदवून ठेवतो.

सांगलीची

एवढी नावं झाली, एकही बाई नाही. धागाकर्त्यांच्या अटीत "पुरुष" असं लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली पुण्यात झाली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या पिढीतली पुण्याची शुभांगी कुलकर्णी. लेगस्पिन, १९७६ मध्ये कसोटी पदार्पणातच वेस्ट इंडीजच्या पाच विकेट. माझी मावशी तेव्हा पुण्यात शिकायला होती आणि मुलींचे सामने बघायला जायची. ती सांगते की निम्मे प्रेक्षक खेळ बघायला यायचे आणि निम्मे हसायला. शुभांगीचा लेगब्रेक वळला की दुसऱ्या निम्म्यांची तोंडं बंद व्हायची.

माझ्या वाट्याला स्मृती मानधना आली. ती नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात होती. २०१३ मध्ये १९ वर्षांखालच्या सामन्यात गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत २२४. तोवर सांगलीत क्रिकेट म्हटलं की विजय हजारेंचं नाव निघायचं (जन्म सांगलीचा, कर्तृत्व बडोद्याचं, हे आमचं जुनं दुखणं). मी शाळेत असताना मुलींसाठी नेट नव्हतंच. मुलांचा सराव संपल्यावर उरलेल्या उजेडात आम्ही सीझन बॉल हातात घ्यायचो आणि कोणीतरी हटकेपर्यंत खेळायचो. आता माझी भाची सकाळच्या बॅचला जाते, किटबॅगवर स्मृतीचा १८ नंबर लिहून.

तुम्ही म्हणाल स्मृती आंतरराष्ट्रीय झाली, इथे बसत नाही. मग मर्चंट तरी कसे बसतात?

रत्नागिरीकर

वरच्या सगळ्यांना विनंती, पन्नास वर्षं आणखी मागे चला.

पळवणकर बाळू हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते चौदा एप्रिलच्या व्याख्यानात, तेही क्रिकेटपटू म्हणून नव्हे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहून हरलेला काँग्रेसचा उमेदवार, एवढीच ओळख. सभेत थोडा हशाही झाला. वक्त्याने पुढे सांगितलं की याच बाळूचं कौतुक तरुणपणी बाबासाहेबांनी केलं होतं, आणि हशा थांबला. मी घरी येऊन शोधायला लागलो.

जन्म १८७६, धारवाड. घराणं आमच्या रत्नागिरीकडचं, चर्मकार समाजातलं. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडायची, जाळी लावायची आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायची. तासन् तास. बॅट हातात द्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. डावखुरी संथ फिरकी तिथे घडली. हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा याला घ्यायचं की नाही यावर खल झाला. घेतलं. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातात फिरायचा, पण चहाच्या वेळी बाळूला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूचा मोठा वाटा. १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सडकून हरत होता आणि हा पस्तिशीतला माणूस दौऱ्यात ११४ विकेट घेऊन आला. प्रथम श्रेणीत एकूण १७९, सरासरी १५.२१. तरी हिंदू संघाची कप्तानी त्यांना कधी मिळाली नाही. धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाला, तोही आधी भावांनी संघातून बाहेर राहून निषेध केल्यावर.

काळाचा फरक कसा मोजायचा असं विचारलंय. खेळपट्टी, हेल्मेट, सामन्यांची संख्या, हे सगळं मोजा. पण त्या यादीत हेही धरा की स्वतःच्याच संघात एका माणसाला किती अडथळे होते. ते धरल्यावर मला दुसरं नाव सुचत नाही.

पार्कातला

शिवाजी पार्कात वाढलेल्याला विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ विकेट, सरासरी १९.६९, कसोटी शून्य. कारण एकच, त्या काळात भारताच्या डावखुऱ्या फिरकीच्या जागेवर बिशनसिंग बेदी होते.

कट्ट्यावर बसून मी त्यांना टाकताना पाहिलंय. सुरुवातीला काही विशेष वाटायचं नाही. तीच चाल, तेवढीच धाव, टप्पा तिथल्या तिथे. पाचव्या-सहाव्या षटकात लक्षात यायचं की बॅटरला अजून एकही मोकळी धाव मिळालेली नाही, आणि मग तो काहीतरी मूर्खपणा करायचा. मी स्वतः कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलोय. भर पावसाळ्यातली स्पर्धा, आउटफिल्डला घोट्याएवढं गवत, ओली खेळपट्टी. तिथे साध्या क्लबचा डावखुरा फिरकी गोलंदाजसुद्धा खेळवत नाही. तिथून घडलेला शिवलकर कोरड्या विकेटवर काय करत असेल याचा अंदाज बांधा.

(ते गायचेही उत्तम. विषयाशी संबंध नाही, पण पार्कातला माणूस हे सांगितल्याशिवाय थांबत नाही.)

जुना स्कोअरर

मैदानांवर वहीत ठिपके काढण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लिहितो.

माझं मन अमोल मुझुमदारकडे ओढतं. १९८८ ला आझाद मैदानात सचिन-विनोदची ६६४ ची भागी झाली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. पुढे रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०, कारकिर्दीत ११,१६७ धावा, ३० शतकं. २००६-०७ मध्ये मुंबई पहिले तीन सामने हरली होती, तरी त्याच्या कप्तानीत करंडक आणला. पण भारताच्या मधल्या फळीत द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण. बसायला खुर्चीच नव्हती. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच. सांगलीच्या ताईंना हे आवडेल.

तरीही मत त्याला नाही. वही लिहिणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते: द्विशतकांचे सामने अनिर्णित सुटतात आणि वीस विकेट घेणारे जिंकतात. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ ओळीने पंधरा वेळा रणजी जिंकली. सगळे वाडेकर, सरदेसाई, गावसकरांची नावं घेतात. पंधरावी कशी आली बघा. चेन्नईतला अंतिम सामना, मुंबई १५१ आणि ११३ मध्ये गारद. एवढ्या धावांवर कोण जिंकतं? पण तमिळनाडू ८० आणि ६१. शिवलकर १६ धावांत ८, मग १८ धावांत ५. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर खेळ आटोपला.

म्हणून पहिलं मत शिवलकर, त्यांच्या मागे केसभर अंतरावर बाळू. पुण्याचे लोक म्हणतील मुंबईच्या विकेटच फिरकीच्या. ते ८ चेन्नईत घेतलेत आणि बाळूंच्या ११४ इंग्लंडमध्ये.